शिव्या तयार मिळतील

सुसंस्कृत माणसाची एक जुनी अडचण अखेर दूर झाली आहे. त्याला शिवी तर द्यायची असते, पण तोंड विटाळायचं नसतं. त्याच्यासाठी आता 'शेक्सपिअरी शिव्यां'चा तक्ता निघाला आहे. रकाने तीन. पहिल्या दोहोंतून एकेक विशेषण उचला, तिसऱ्यातून नाम घ्या, की एलिझाबेथकालीन शिवी तयार. हाच माल मगवर आणि टी-शर्टवरही मिळतो. शिवी कोणाला द्यायची आणि का, याला तक्त्यात रकाना नाही. तेवढं सोडलं तर सोय उत्तम.

पण ज्या काळाच्या नावावर हा माल खपतो, त्या काळच्या रंगभूमीवरचा एक गाजलेला अपमान मुळात शब्दांचा नाहीच, अंगठ्याचा आहे. 1597 साली प्रथम छापल्या गेलेल्या 'रोमिओ अँड ज्युलिएट'च्या पहिल्याच प्रवेशात कॅप्युलेटांचा नोकर सॅमसन माँटेग्यूंची माणसं दिसताच स्वतःचा अंगठा चावतो. हे आम्हाला उद्देशून का, असं समोरून विचारलं जातं. सॅमसन आधी शेजारच्या ग्रेगरीकडून हळूच कायदेशीर सल्ला घेतो: हो म्हटलं तर कायदा आपल्या बाजूने राहील का? नाही, असं कळताच तो जाहीर करतो की अंगठा चावतोय हे खरं, पण तुम्हाला उद्देशून नव्हे. म्हणजे अंगठा स्वतःचा, दात स्वतःचे, चावणं ही निव्वळ खासगी बाब. समोर नेमके वैऱ्याचे नोकर उभे आहेत हा योगायोग. अपमान पुरता पोचवायचा आणि जबाबदारी नखाएवढीही घ्यायची नाही, हे कसब तीन रकान्यांत कुठे बसवणार? शिवाय त्या अंगठ्याचं बिलही येतं. तलवारी उपसल्या जातात, दोन्ही घराण्यांचे म्हातारे यजमान लढायला सरसावतात आणि व्हेरोनाचा अधिपती येऊन पुढच्या दंग्याला देहदंड फर्मावतो.

यावर कोणी म्हणेल, शब्दांचा पूर हीच तर त्या नाटकांची गंमत, फॉल्स्टाफ आठवा. जरूर आठवू. 'चौथा हेन्री'च्या पहिल्या भागात राजपुत्र फॉल्स्टाफच्या ढेरीवर घसरतो, तर फॉल्स्टाफ राजपुत्राच्या काटकुळेपणावर, आणि यादी रंगात येते तेव्हा लठ्ठ फॉल्स्टाफला पुढचं बोलायला दमच उरत नाही. या शिव्या माप घेऊन शिवलेल्या आहेत. तिसऱ्याच्या अंगावर त्या लोंबतील. बरं, 'किंग लिअर'मधला केंट? तो ऑस्वल्ड नावाच्या नोकरावर शिव्यांची सरबत्ती करतो खरा, पण त्यात चाकरीत मिळणारे कपडे येतात, लोकरीचे मोजे येतात, उष्टं खाणं येतं. नोकराच्या ऐपतीचा अख्खा पंचनामाच तो. आणि त्याबद्दल केंटचे पाय खोड्यात अडकतात. मगवाल्याला कोणता खोडा? (एलिझाबेथ राणी 1603 मध्येच वारली, 'लिअर' त्यानंतरचं. पण तक्तेवाल्यांच्या लेखी गळ्याभोवती चुणीदार झालर दिसली की माणूस एलिझाबेथकालीन!) खरी चीड येते ती या फुकटेपणाची. वर्गात पोराने मित्राला डुक्कर म्हटलं तर पालकांना बोलावणं जातं, आणि कचेरीतला साहेब तेच चारशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत मगवर छापून त्यातून कॉफी पितो, तर त्याला रसिकता म्हणायचं. ज्याला उलट उत्तर देण्याची सोय नाही अशा हाताखालच्या माणसासमोर तो मग ठेवायचा, वर विनोदबुद्धी नाही म्हणून त्यालाच हिणवायचं. सॅमसन निदान बरोबरीच्या माणसांपुढे उभा होता.

फुगीर शब्दसाठा हेच वैभव, हा समज तर त्या काळालाही मान्य नव्हता. 1601 च्या सुमारास लंडनचे नाटककार एकमेकांना नाटकांतूनच झोडपत होते. त्या वर्षी बेन जॉन्सनने 'पोएटास्टर'मध्ये आपला प्रतिस्पर्धी जॉन मार्स्टन याला क्रिस्पिनसच्या रूपात उभं केलं आणि त्याला ओकारीच्या गोळ्या चारल्या. मग रंगमंचावरच त्या बिचाऱ्याच्या पोटातून त्याचे लाडके अवजड शब्द एकेक करून भांड्यात पडतात. तक्ते विकणाऱ्यांनी प्रत्येक मगासोबत त्या गोळ्यांची एक पुडी मोफत द्यावी, एवढीच विनंती.