काय मालक, झाली का चालू?

आमच्या कुंडल गावात मालकांना तोटा नाही. उसाच्या रानाचे मालक आहेत, ट्रॅक्टरचे आहेत, द्राक्षबागेचे आहेत. पण नुसतं "मालक" अशी हाक आली आणि त्या हाकेत थोडा खोडसाळपणा असला, की समजावं, हाक जुन्या मोटरसायकलच्या नव्या मालकाला आहे. असा माणूस हल्ली गावोगाव एक तरी निघतो. वय पस्तीस-चाळीस, मिळकत बरी. दारात बटण दाबलं की सुरू होणारी एक गाडी असते. तिच्यावर बसून तो जुन्या गाडीचे पार्ट आणायला जातो. नखांत काळं ऑइल. साखरपुड्याला गेला तरी ते निघत नाही आणि निघावं अशी त्याची फारशी इच्छाही नसते.

आमच्या मालकांची गाडी म्हणजे १९७१ची जावा. ती त्यांना सापडली एका वस्तीवरच्या गोठ्यात. अंगावर कडबा आणि सीटवर खुडूक कोंबडी. म्हातारा पहिल्यांदा म्हणाला, "विकायची न्हाई. वडलांची आठवण हाय." जुन्या गाड्यांचा सौदा याच वाक्यानं सुरू होतो, हे मालकांना ठाऊक नव्हतं. त्यांनी टाकीवरून हात फिरवला, तेव्हा किंमत पाच हजारांनी वाढली. "लहानपणी डॉक्टरांच्या अशाच गाडीवर मागं बसायचो," असं भरल्या गळ्यानं म्हणाले, तेव्हा आणखी पाच वाढले. अखेर आठवणीचा आकडा ठरला. तो ऐकून मालकीणबाई म्हणाल्या, "एवढ्यात गाभण म्हैस आली असती." हिशोब चोख होता. म्हशीला किक मारावी लागत नाही. वेळ आलीच तर ती स्वतः मारते.

गाडी टेम्पोतून घरी आली. त्या आठवड्यात ती काही चालू झाली नाही, मालक मात्र चालू झाले. १९२९ साली प्रागमध्ये यानेचेक नावाच्या कारखानदारानं वाँडरर कंपनीचा मोटरसायकलींचा धंदा घेतला, दोघांची आद्याक्षरं जोडून जावा झाली. मग इराणी मंडळींनी म्हैसूरला आयडियल जावा काढली, १९६१पासून तिथं गाड्या बनू लागल्या, १९७३ला जावाची येझदी झाली आणि १९९६ला कारखान्याला टाळं लागलं. मालक हे सगळं एका दमात सांगतात. समोरचा शेवटपर्यंत ऐकून घेतो आणि विचारतो, "ॲव्हरेज किती देती?"

२०१८मध्ये जावा हे नाव बाजारात परत आलं. पण तो विषय त्यांच्यापुढं काढू नये. "ती फोर स्ट्रोक आहे. पाण्यानं थंड होती," असं ते ज्या सुरात सांगतात, त्यावरून पाण्यानं थंड होणं हा दखलपात्र गुन्हा असावा असं वाटतं.

जावाची चावी म्हणजे जवळजवळ खिळाच. हेडलाइटवरच्या भोकात दाबली की करंट चालू. एकीची चावी दुसरीला चालते आणि चावी हरवली तर खरोखरचा खिळाही चालतो. "मग चोरानं नेली तर?" असं कुणी विचारलंच तर मालक शांतपणे म्हणतात, "चालू करून नेली तर वर बक्षीस देतो."

किकचा आणि गिअरचा दांडा एकच. मागं वळवला की किक, पुढं घेतला की गिअर. त्याआधी पेट्रोलचा कॉक उघडायचा, कार्बोरेटरवरचं बटण पेट्रोल ओघळेपर्यंत दाबायचं, चावी न लावता दोन किका मारायच्या आणि मग चावी दाबून तिसरी. कुंडलच्या कुस्ती मैदानात पैलवान माती कपाळाला लावून दंड थोपटतो, तेवढ्या गांभीर्यानं मालक हा विधी करतात. मैदानात निदान कुणीतरी चीतपट होतो. इथली कुस्ती रोज बरोबरीत सुटते.

शहरात गाडी बंद पडली तर बघे बघून पुढं जातात. आमच्याकडं बघे पाना घेऊन येतात. त्यालाही इतिहास आहे. १९१०मध्ये औंधच्या राजेसाहेबांनी कुंडल रोड स्टेशनाजवळचा ३२ एकर माळ लक्ष्मणराव किर्लोस्करांना दिला. निवडुंग आणि सापांच्या त्या माळावर नांगरांचा कारखाना उभा राहिला आणि पुढं स्टेशनही किर्लोस्करवाडी झालं. तेव्हापासून या पट्ट्यातल्या घराघरांतून टर्नर, फिटर आणि मोल्डर निघाले. गाव शिवाय प्रतिसरकारचं. नाना पाटील आणि जी. डी. बापू लाड यांच्या त्या काळात, १९४३च्या पुढं, इंग्रजांच्या कोर्टाची पायरी न चढता लोकांचे तंटे न्यायदान मंडळं मिटवत होती. मालकांच्या अंगणात संध्याकाळी असंच मंडळ बसतं. फरक इतकाच की इथला निकाल रोज बदलतो.

खटला असा होता. गाडी सकाळी चालू व्हायची. मालक पलूसच्या रस्त्याला लागायचे. थोडं अंतर गेलं की गाडी दोन आचके द्यायची आणि गप्प. दहा-पंधरा मिनिटं बाभळीखाली बसलं की पहिल्या किकला चालू. पुन्हा तेवढंच अंतर, पुन्हा बाभूळ.

मंडळातले नाना निवृत्त टर्नर. आयुष्य थाऊच्या, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागाच्या, हिशोबात गेलेलं. त्यांनी विचारलं, "पॉइंटचा गॅप किती ठेवलाय?"

"पोस्टकार्ड जातंय एवढा," मालक म्हणाले.

नानांनी डोळे मिटले. "पोस्टकार्ड टपालात टाकायचं असतंय. ०.४ मिलिमीटर पाहिजे. फीलर गेज आण. आणि गाडी गरम झाल्यावर मरतीया म्हणजे कंडेन्सर बघ." नानांचं म्हणणं चुकीचं नव्हतं, बिघडलेला कंडेन्सर असाच वागतो.

दूधवाले दादा उभी हयात राजदूतवर किटल्या बांधून फिरलेले. जगातल्या सगळ्या दुखण्यांचं मूळ त्यांच्या मते प्लगात. त्यांनी प्लग काढला, पॉलिश पेपरनं घासला, पेट्रोल टाकून पेटवला, फुंकला, हेडला टेकवून किक मारायला लावली आणि ठिणगी निळी की तांबूस यावर अर्धा तास बोलले. गॅरेजच्या मिस्त्रीचा संशय कार्बोरेटरवर. त्यानं जेट काढून बारीक तारेनं कोरले. भाच्यानं मोबाईलवर एका गोऱ्या माणसाचा व्हिडिओ लावला आणि निदान केलं, "मामा, सहा व्होल्टचं बारा व्होल्ट करा." आईनं लिंबू-मिरची बांधली. या सगळ्यांत गाडीला अपाय न करणारा उपाय तेवढा आईचाच.

जुन्या गाडीच्या नव्या मालकाचा स्वभावविशेष इथं कळतो. त्याला सगळ्यांचं पटतं, आणि सगळ्यांचं एकाच दिवशी पटतं. सकाळी त्यानं पॉइंट बदलले, दुपारी कॉइल, तिसऱ्या प्रहरी कार्बोरेटर, दिवेलागणीला टायमिंग हलवलं. रात्री गाडी वेगळाच आवाज काढायला लागली. हा आवाज कशामुळं, हे आता ब्रह्मदेवाला विचारलं तरी तो आधी म्हणेल, "पहिल्यांदा काय केलं होतंस?"

उलगडा झाला तो पेट्रोल पंपावर. गाडी ढकलत आणली होती. पंपावरच्या पोरानं टाकीचं झाकण फिरवलं आणि आतून फुस्स आवाज आला. पोरगं नळी हातात धरून थांबलं. "मालक, टाकी वारं वढतीया. झाकणाला भोक हाय का न्हाई?"

झाकण उलटं केलं. आत काळ्या रबराचा वॉशर होता. जुना कुजला म्हणून मालकांनी ट्रॅक्टरच्या ट्यूबमधून कापलेला. कडा ब्लेडनं साफ केलेल्या, वाटोळा, घट्ट, देखणा. दोष एकच, त्याला भोक नव्हतं. टाकीतलं पेट्रोल खाली उतरायचं तर वरून हवा आत यावी लागते. ती वाट बंद झाली की टाकीत पोकळी होते, पेट्रोल उतरेनासं होतं, कार्बोरेटरची वाटी रिकामी होते आणि गाडी मरते. बाभळीखाली बसलं की फटीतून थोडी हवा शिरते आणि गाडी जिवंत. पोरानं दाभण मागितलं. तिथल्या तिथं भोक पडलं. गाडी त्या दिवशी देवराष्ट्र्याला जाऊन आली. सागरेश्वरच्या डोंगराच्या पार्श्वभूमीवर तिचे फोटो निघाले. नातेवाइकांच्या गटात कुणाच्या बारशाचे फोटो होते ते पार वर सरकले.

गोष्ट इथं संपायला हवी होती; पण खरं काम इथून सुरू झालं. मूळ आजार होता न पाडलेलं एक भोक, उपचारांनी लावलेले आजार चार. तारेनं जेट मोठे झाले म्हणून गाडी पेट्रोल जास्त ओढून काळी पडत होती. टायमिंग हललं म्हणून चढाला दम धरत नव्हती. "जास्त टाकलं तर इंजिनला बरंच" म्हणून टू स्ट्रोकच्या पेट्रोलमध्ये मिसळायचं ऑइल सढळ हातानं पडत होतं, त्यामुळं दोन्ही सायलेंसरमधून थेंब गळत होते आणि मागं बसणाऱ्याच्या पांढऱ्या लेंग्यावर नक्षी उमटत होती. शिवाय इंजिन उघडताना क्रँकचा ऑइल सील दुखावला. आता गिअरबॉक्सचं ऑइल आत शिरून जळत होतं आणि मालक कुठून गेले हे गावाला धुरावरून कळत होतं.

शेवटी नानांनी कारभार हातात घेतला. पहिला हुकूम: मंडळ बरखास्त. दुसरा: एका वेळी एकच गोष्ट बदलायची, वहीत लिहायची, चालवून बघायची, मगच दुसरी. नवे जेट आले. सील बदलला. पॉइंट ०.४वर. लिटरला ४० मिली ऑइल, तेही मापट्यानं, अंदाजानं नाही. मग कार्बोरेटरचा हवेचा स्क्रू अर्धा अर्धा फेरा फिरवायचा, गाडी पळवून आणायची आणि प्लग काढून तोंड बघायचं. काजळी धरलेलं काळं असेल तर पेट्रोल जास्त; पांढरंफटक असेल तर कमी, आणि मग पिस्टन धरायची भीती; तपकिरी असेल तर जमलं. ज्या संध्याकाळी प्लग तपकिरी निघाला, त्या संध्याकाळी मालकांनी तो घरात नेऊन सगळ्यांना दाखवला. मालकीणबाईंनी बघितला आणि म्हणाल्या, "ह्याचं आता काय करायचं?"

दुखणी संपली असं नाही. पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतली ओल ओढतं, टाकी आतून गंजते, जुन्या जातीचं रबर मऊ पडतं. गाडी महिनाभर उभी राहिली की मालकांना कार्बोरेटर खोलावा लागतो. ते वैतागून म्हणाले, "कसलं पेट्रोल करून ठेवलंय!" नाना म्हणाले, "तुझा ऊस कुठं जातो रे?" उसाच्या पट्ट्यात राहणाऱ्याला इथेनॉलविरुद्ध तोंड उघडता येत नाही. एका बाजूनं उसाचं बिल येतं, दुसऱ्या बाजूनं रबरी नळ्यांचं.

सरकारनंही अशा मालकांचा विचार केलेला आहे. २०२१च्या केंद्राच्या नियमांनुसार ५० वर्षांपेक्षा जुनी आणि मूळ रूपात राखलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नोंदणीला २०,००० रुपये, दहा वर्षांनी नूतनीकरणाला ५,०००, नंबरात 'व्हीए' अशी अक्षरं. मात्र अशी गाडी रोजच्या वापराला काढायची नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती, एवढ्याच कारणांनी रस्त्यावर आणायची. मालकांनी नियम दोनदा वाचला. "म्हणजे पेट्रोल भरायचं आणि दुरुस्तीला न्यायची? मग आपण आजवर दुसरं काय केलंय?"

जुलैच्या दुसऱ्या रविवारी जगभरचे जावावाले जावा दिन साजरा करतात. मालकही सांगलीकडं गाडी घेऊन जातात. तिथं सगळेच असे मालक. कुणी कुणाला ॲव्हरेज विचारत नाही. परत येतात तेव्हा वहीत नवे सल्ले असतात, आणि त्यातले सगळे एकाच दिवशी करून बघायचा मोह नानांच्या धाकानं तेवढा आवरलेला असतो.

अशा माणसाला गावं हसतात, आणि हसावंही. पण त्याच्यामुळं एका निवृत्त टर्नरला संध्याकाळचं काम मिळालं, बंद पडलेलं एक इंजिन पुन्हा फिरलं आणि मोबाईलवाल्या भाच्याला फीलर गेज कशाशी खातात ते कळलं. तेव्हा तुमच्या गावात असा मालक नव्यानं झाला असेल तर त्याला तीन गोष्टी सांगा: गाडी उघडण्याआधी टाकीचं झाकण बघ, जेटला तार लावू नकोस, आणि एका दिवशी एकच स्क्रू फिरव. एवढं सांगून गप्प बसा. रस्त्यात तो उभा दिसला तर निदान करत बसू नका. गाडी बाजूला लावा, बाह्या सरसावा आणि मागून धक्का द्या. त्या घटकेला त्याला सल्ल्याची नाही, धक्क्याचीच गरज असते.