विदेशस्थ सासूबाईंस अनावृत पत्र

मु. पो. नाशिक, लिमा, बैरूत अथवा अमेरिकेबाहेरील कोणतेही गाव

ती. सासूबाईंच्या सेवेसी साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

जावई अमेरिकेचा नागरिक होऊन तेथील संरक्षण खात्याच्या एखाद्या कंत्राटदार कंपनीत रुजू झाला असेल आणि त्यास सुरक्षा-मंजुरी, म्हणजे गोपनीय सरकारी माहिती हाताळण्याचा अधिकार, हवा असेल, तर सासूबाईंचे जन्मस्थळ, नागरिकत्व व पत्ता 'एसएफ-८६' या प्रदीर्घ प्रश्नावलीत नोंदवावा लागतो. संपर्क रोजचा, आठवड्याचा, महिन्याचा, तिमाही की वार्षिक, हेही तेथे सांगावे लागते, आणि सासरे जिल्हा परिषदेतून निवृत्त झाले असल्यास परकीय शासनाशी असलेला तो संबंधही अमेरिकी तपासनिसांच्या दप्तरी जातो.

मंजुरी २०१७ पासून लागू असलेल्या १३ मार्गदर्शक तत्त्वांवर तोलली जाते, आणि त्यांतील 'बी' हे तत्त्व परकीय प्रभावाचे आहे. परदेशातील आप्तांना धमकावून कर्मचाऱ्याकडून गुपित काढून घेता येते, ही त्यामागील भीती निराधार नाही, विशेषतः आप्त हुकूमशाही राजवटीखाली राहत असतील तेव्हा. म्हणूनच केवळ नातेवाईक परदेशी असल्याने अर्ज बाद होत नाही, तर देश कोणता, नाते किती जवळचे आणि अर्जदाराची मुळे अमेरिकेत किती खोल, हे पाहिले जाते. मात्र शंका उरलीच तर तिचा फायदा राष्ट्रीय सुरक्षेला मिळतो, कारण मंजुरी हा कोणाचाही हक्क नव्हे, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९८८ च्या एगन खटल्यात सांगून ठेवले आहे.

सासूबाईंचा खरा गौरव पुढेच आहे. जोडीदाराच्या निकटच्या कुटुंबाविषयी अर्जदारास माया किंवा बांधिलकी वाटते, असे संरक्षण खात्याच्या अपील मंडळाने गृहीत धरले असून, हे गृहीतक खंडनीय, म्हणजे उलट पुरावा देऊन खोडता येण्याजोगे, असले तरी तो पुरावा देण्याचा भार जावयावर पडतो. जावयाला दहावा ग्रह मानणाऱ्या परंपरेने जे कधी मान्य केले नाही, ते एका परक्या सरकारने कायदेशीर अनुमान म्हणून स्वीकारावे, हा सासर या संस्थेचा केवढा सन्मान! अडचण एवढीच, की संबंध जुजबी आणि क्वचितचे असणे ही अर्जदाराच्या बाजूची गोष्ट ठरते. त्यामुळे अधिक मासात ३३ अनारशांचे वाण देणाऱ्या सासूबाई जावयाची बाजू नकळत कमकुवत करतात, तर वर्षानुवर्षे अबोला धरणाऱ्या सासूबाई अमेरिकेच्या संरक्षणास हातभार लावतात.

सासूबाईंनी याबद्दल खंत मानू नये. १९८५ साली पकडला गेलेला अमेरिकी नौदलाचा जॉन वॉकर सतरा-अठरा वर्षे सोव्हिएत संघास सांकेतिक संदेशांच्या किल्ल्या विकत होता, आणि त्याने या धंद्यात ओढलेला थोरला भाऊ व पोटचा मुलगा हे दोघेही परदेशस्थ आप्त नसून घरचेच अमेरिकी नागरिक होते; त्याचे बिंग फोडले तेही कोणा तपासनिसाने नव्हे, तर घटस्फोटित पत्नीने. धाक घालण्यास परदेशी नातेवाईक लागतात, पैशाच्या मोहास मात्र ते लागत नाहीत, आणि वॉकरला हवा होता तो पैसाच.

तरी पुढील चौकशी होईपर्यंत जावयाच्या प्रकृतीची विचारपूस बेताने करावी, आणि ती लेकीमार्फत करून सुटका होईल असे समजू नये, कारण जोडीदाराचे संबंधही त्याच तराजूत पडतात.

कळावे. लोभ तिमाही असावा, ही विनंती.