अंगापेक्षा लहान

कपडा वाढत्या अंगाचा शिवायचा, हा मराठी घरातला शिवणकामाचा पहिला नियम. जूनमध्ये शिवलेला शाळेचा फ्रॉक पुढच्या वर्षी पुरला पाहिजे, आणि जमलं तर धाकटीलाही. ब्लाउजच्या कडेला बोटभर माया सोडायची; बाळंतपण किंवा दिवाळीचा फराळ झाला, की उसवून टीप पुढे सरकवायची. अशा शिस्तीत वाढलेल्या माणसानं होजिअरीच्या टॉपचा फर्मा डाउनलोड केला आणि त्यावर ‘छाती ३६ इंच, तयार टॉप ३३ इंच’ असं वाचलं, तर त्याला पहिली शंका छपाईचीच येते.

शंका अगदीच निराधार नसते. यातले कितीतरी फर्मे अमेरिकेच्या लेटर कागदावर मांडलेले असतात. तो कागद २१६ मिलिमीटर रुंद, आपला ए-फोर २१०. झेरॉक्सच्या दुकानातला मुलगा सवयीनं ‘फिट टू पेज’ दाबतो. कडा न कापता पान बसलं, याहून चोख काम कोणतं? पण तेवढ्यात फर्मा तीनएक टक्के आक्रसतो, म्हणजे ३६ इंचांत इंचभर. म्हणून पहिल्या पानावर एक चौकोन छापलेला असतो. तो पट्टीनं मोजून बरोबर भरला, तरच बाकीची पानं छापायची. ‘शंभर टक्के, अ‍ॅक्च्युअल साइज’ हे त्या मुलाला गोड आवाजात दोनदा सांगावं.

मग घरभर पानं. पंखा बंद, चिकटपट्टी दातात, आणि घरातली माणसं फर्म्याच्या मुंढ्यावरून उड्या मारत स्वयंपाकघरात. एबेनेझर बटरिक या अमेरिकी शिंप्यानं १८६३ मध्ये मापवार कागदी फर्मे विकायला काढले, तेव्हा गिऱ्हाइकाला घडी घातलेला तयार कागद मिळे. दीडशे वर्षांत एवढी प्रगती झाली, की जोडकाम आता आपण करतो आणि पैसेही आपणच देतो.

माझ्या आत्यानं उभी हयात शिवणक्लास चालवला. खाकी कागदावरचं पेपर कटिंग, कटोरी, प्रिन्सेस कट, सगळं तोंडपाठ. तिनं माझी जमिनीवरची मांडामांड उभ्यानंच पाहिली.

“छाती छत्तीस नि टॉप तेहेतीस? बाईनं श्वास कुठे घ्यायचा?”

“कापड ताणतं गं, आत्या.”

“कापड ताणतं म्हणून शिंप्यानंही ताणायचं?”

तिचं चुकतं असं मला वाटत नाही. तिची सगळी विद्या ताण्याबाण्याच्या कापडावरची. त्यात धागे एकमेकांना काटकोनात धरून बसतात. उरेप ओढलं तर थोडं ऐकतात, एरवी हटून राहतात. होजिअरीत फाशात फासा अडकवलेला असतो. ओढलं की फासे पसरतात, सोडलं की मागे येतात. विल्यम ली नावाच्या इंग्रज पाद्र्यानं १५८९ मध्ये हे विणकाम यंत्रावर आणलं, तेही मोज्यांसाठी. मागे येण्याचा खरा भरवसा मात्र १९५८ मध्ये ड्यू पॉन्टच्या जोसेफ शिव्हर्सनं स्पॅन्डेक्सचा धागा काढला, तेव्हापासूनचा. आपल्या घरांत हे कापड बनियन होऊन रोज वाळत पडायचं, पण ते शिवून आलेलं. मशीनवर घ्यायचं कुणाच्या मनात येत नसे.

मशीनचंही त्याच्याशी जमत नाही. घरातलं काळं मशीन सरळ टीप मारतं, आणि टॉप डोक्यातून घालताना ती कडकन तुटते. कापड ताणतं, दोरा ताणत नाही. बारीक झिगझॅग मारली तर तिच्या वळणांत दोऱ्याला पुढे सरायला जागा मिळते. सुईही गोल टोकाची हवी. टोकदार सुई फासा कापते, आणि एक फासा सुटला की खालपर्यंत शिडी उतरते.

पण टॉपची खरी परीक्षा गळ्याच्या पट्टीत. ती मुद्दाम गळ्यापेक्षा आखूड कापायची, साधारण पंच्याऐंशी टक्के. दोन्हींचे चार-चार भाग करून टाचण्या लावायच्या आणि शिवताना पट्टी ओढायची, गळा नाही. पट्टी गळ्याइतकी लांब कापली, तर पुढून गळा लोंबतो आणि नवाकोरा टॉप जुन्या बनियनच्या पंगतीत जाऊन बसतो. बेतण्यातली ही काटकसर मला मनापासून आवडते. दोन इंच वाढवून ठेवण्यापेक्षा दोन इंच कमी कापायला जास्त हिंमत लागते.

तयार टॉप आत्यानं हातात घेतला. ओढला, सोडला, उलटा करून शिवण पाहिली.

“टक्स?”

“नाहीत.”

“हुक? चेन?”

“लागतच नाही. डोक्यातून घालायचा.”

“काजही नाही?”

“नाही.”

आत्यानं चष्मा काढला. “मग क्लासात सहा महिने शिकवायचं काय?”