चार तळहातांएवढी जमीन

गाडीला नवी सीट कव्हरं घातली तर शेजारी वाकून बघतात. नवे टायर टाकले तर कुणी पेढे मागत नाही. आणि तरी गाडी जमिनीला टेकते ती तिथंच, चार ठिकाणी, प्रत्येकी साधारण तळहाताएवढ्या जागेत. टनभर लोखंड, त्यात बसलेला माणूस आणि त्या माणसाचा स्वतःच्या ड्रायव्हिंगबद्दलचा गैरसमज, एवढं सगळं त्या चार तळहातांवर तोललेलं असतं.

मला या विषयात ओढलं ते इंग्लंडमधल्या भाच्यानं. त्यानं तिथं पहिल्या पिढीची माझदा एमएक्स-5 घेतली. दोन माणसांची, टप उघडणारी ही छोटी जपानी गाडी 1989 च्या फेब्रुवारीत शिकागोच्या प्रदर्शनात पहिल्यांदा लोकांपुढं आली. साठच्या दशकातल्या लोटस एलानसारख्या ब्रिटिश गाड्यांचा थाट हवा, पण त्यांची तेलगळती नको, असा जपान्यांचा एकूण बेत. वजन टनाला जरा कमी, इंजिन 1.6 लिटरचं, ताकद सुमारे 115 अश्वशक्ती. आणि टायर 185/60 आर 14.

टायरची पत्रिका त्याच्या गालावरच छापलेली असते. रुंदी 185 मिलिमीटर. बाजूच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या 60 टक्के, म्हणजे 111 मिलिमीटर. रिम 14 इंची. पुढं 82 एच असेल तर एका टायरनं 475 किलो पेलायचे आणि ताशी 210 किलोमीटरपर्यंत तग धरायचा. इतकी माहिती वधूवर सूचक मंडळातसुद्धा मिळत नाही. शिवाय इथली खरी असते.

भाच्याला 14 आकडा बघून कमीपणा आला. घरगुती हॅचबॅकलाही हाच टायर चालतो, हे कळल्यावर तर फारच. "मामा, 17 ची रिम आणि 205/40 टाकतो. गाडी कशी भरल्यासारखी दिसेल!"

दिसेल की. पण कागद-पेन्सिल घेऊन बसलं तर मूळ चाकाचा व्यास येतो 578 मिलिमीटर आणि या नव्याचा 596. म्हणजे चाक तीन टक्क्यांनी मोठं, आणि स्पीडोमीटर तेवढाच मागं. टायरची भिंत 111 वरून 82 वर आली, की खड्डा आणि पाठीचा कणा यांच्यात मध्यस्थी करायला कुणी उरत नाही. (इंग्लंडात खड्डे नसतात ही समजूत तिथल्या खेड्यांतून एकदा गाडी हाकली की जाते.) मोठी रिम बहुतेक वेळा जडही असते. रुंद टायर साचलेल्या पाण्यावर लवकर तरंगायला लागतो, आणि तो देश पाण्याचा. ज्या गाड्यांना पॉवर स्टिअरिंग नव्हतं, त्या रुंद टायरांवर पार्किंगमध्ये वळवताना दंडाची तालीम होते ती वेगळीच.

पण माझी खरी तक्रार ही नाही. माझी तक्रार आहे जास्तीच्या पकडीबद्दल. टायरनं रस्ता घट्ट धरावा हे कुणालाही पटतं. पण किती घट्ट? बेताच्या टायरवर ही गाडी माफक वेगातही वळणावर बोलायला लागते. स्टिअरिंग किंचित हलकं होतं, मागची बाजू जरा कुरकुरते, आणि चालवणाऱ्याला कळतं की आता पुरे. शर्यतीचे मऊ, चिकट टायर घातले की हाच निरोप फार वरच्या वेगाला येतो. त्या वेगाला सार्वजनिक रस्त्यावर जायची परवानगी नसते आणि निरोप वाचायला सवडही नसते. तोवर गाडी रुळांवरून गेल्यासारखी मुकाट वळत राहते. जलद, सुरक्षित वाटणारी आणि कंटाळवाणी.

हे एकट्या मामाचं मत नाही. टोयोटानं 2012 मध्ये जीटी 86 ही स्पोर्ट्स गाडी काढली, तेव्हा तिला 215/45 आर 17 मापाचे मिशेलिन प्रायमसी टायर दिले. हेच टायर प्रियसला मिळत, म्हणजे पेट्रोल वाचवणाऱ्या सद्गृहस्थांच्या गाडीला. काटकसर म्हणून नव्हे. कमी वेगातही गाडी मोकळेपणानं खेळावी म्हणून मुद्दाम. इंग्लंडच्या केटरहॅमनं तर कमालच केली. 1957 च्या लोटस सेव्हनचा तोंडवळा आजतागायत सांभाळणाऱ्या या मंडळींनी 2021 मध्ये सेव्हन 170 आणली. 440 किलो वजन, सुझुकीचं 660 सीसी इंजिन, 84 अश्वशक्ती आणि टायरची रुंदी 155. आपल्याकडं वॅगन आर 155 रुंदीच्याच टायरवर मुलांना शाळेत सोडून येते.

भाच्यानं अर्धं ऐकलं. 195/50 आर 15 घेतले. यांचा व्यास 576, म्हणजे स्पीडोमीटरची अब्रू शाबूत. एमएक्स-5 वाल्यांत हे माप लोकप्रिय आहे आणि माझाही त्याला विरोध नाही, फक्त उत्साह नाही. हवा मात्र भरताना लक्ष ठेव म्हणून बजावलं. मूळ टायरांसाठी या गाडीला 26 पौंडच सांगितलेली आहे. पंपावरचा मुलगा सवयीनं 32 मारतो आणि मग मालक म्हणतो, सस्पेन्शन गेलं.

या सगळ्यात एक गोष्ट मापापेक्षाही मोठी: वय. अशा गाड्या रविवारी ऊन पडलं तरच बाहेर निघतात. त्यामुळं टायर झिजत नाही, नक्षी कोरी करकरीत राहते, आणि आतलं रबर मात्र वाळून कडक होतं. पावसात त्यावर ब्रेक मारला की नक्षी शोभेला उरते. टायरच्या भिंतीवर डॉट या अक्षरांपासून सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. 0811 म्हणजे 2011 सालचा आठवा आठवडा. तीनच आकडे दिसले तर टायर गेल्या शतकातला.

तेव्हा जुनी स्पोर्ट्स गाडी बघायला जाल तर मालकानं बॉनेट उघडायच्या आत खाली उकिडवे बसा आणि चारही टायरांवरचे हे आकडे वाचा. वय दहाच्या वर निघालं तर नक्षीची तारीफ ऐकून घ्या, मान डोलवा, आणि चार टायरांचे पैसे किमतीतून वजा करायला सांगा.