माडीवरचा संगणक तळमजल्यावरून उघडणे: नवशिक्यांसाठी सूचना

माडीवरच्या संगणकातलं फोल्डर खालच्या लॅपटॉपवर दिसावं, एवढीच आपली इच्छा. सन मायक्रोसिस्टिम्सने त्यासाठीच १९८४ मध्ये एनएफएस आणलं. तरी ते दिसत नाही. तेव्हा पुढील सूचना क्रमाने वाचाव्यात. मधूनच शंका विचारू नयेत.

१. आधी पत्ता बघावा. काल १९२.१६८.१.५ वर राहणारा संगणक आज १.९ वर गेलेला असतो. राउटर न विचारता खोल्या बदलतो. राउटरमध्येच त्याला कायमची खोली नेमून द्यावी.

२. मग पिंग करावं. पिंग म्हणजे कडी वाजवणं. आतून 'ओ' आली, याचा अर्थ चहा मिळेल असा नव्हे.

३. नकार नीट वाचावा. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' म्हणजे घर आहे, पण दारावर माणूसच नेमलेला नाही; सेवा सुरू करावी. 'टाइम्ड आउट' म्हणजे बहुधा फायरवॉलने २०४९ क्रमांकाचं दार लावून घेतलंय. (एक ते चारचा विनोद करू नये, फायरवॉल रात्रीही उघडत नाही.) 'ॲक्सेस डिनाइड' म्हणजे सर्व्हरच्या यादीत तुमचा पत्ता नाही. तो घालावा आणि यादी पुन्हा वाचायला लावावी. पत्ता आणि पुढचा कंस यांच्यात मात्र जागा सोडू नये. सोडलीत, तर तुम्हाला नुसतं वाचता येतं आणि लिहायची मुभा साऱ्या जगाला मिळते. शुद्धलेखनाला कमी लेखणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

४. फोल्डर दिसतं, पण लिहिता येत नाही? सर्व्हर माणसाला नावाने नव्हे, क्रमांकाने ओळखतो. इथे १०००, तिथे १००१, तर तुम्ही परके. आणि स्वतःच्या लॅपटॉपवर 'रूट' म्हणून मिरवत असाल, तर वर तुमची नोंद 'नोबडी' अशी होते. हा अपमान नव्हे, मूळ नियमच तसा आहे.

५. 'स्टेल फाइल हँडल' म्हणजे वाडा पाडून सोसायटी झाली आणि तुम्ही जुना जिना शोधताय. जोडणी सोडवून पुन्हा जोडावी.

६. गुरुवारी वीज गेली आणि माडीवरचा संगणक बंद पडला, तर लॅपटॉप थिजतो. बिघडला समजून बडवू नये. तो वाट पाहतोय. सर्व्हर परतला की अर्धवट राहिलेली फाइल तो निमूटपणे पुढे लिहू लागतो.

७. तरीही जमत नसल्यास सूचना क्रमांक ३ पुन्हा वाचावी. या वेळी मोकळ्या जागांसह.