शिफ्टचा रकाना

पहाटे चारला उठा, असं प्रत्येक मार्गदर्शक व्याख्यानात सांगतो. वाळूजच्या कारखान्यात राबून कॉलेज करणाऱ्या पोराला कोण उठवणार? नाईटच्या आठवड्यात पहाटे चारला तो मशीनपुढे उभाच असतो.

१९८५ मध्ये बजाजचा कारखाना इथं सुरू झाला, मागोमाग सुटे भाग पुरवणारे आले. बजाजनगर, जोगेश्वरी, रांजणगाव शेणपुंजीच्या खोल्या गावोगावच्या पोरांनी भरल्या. नाव कॉलेजात, गेटपास कंपनीचा.

त्यांना आपण सांगतो, वेळेचं नियोजन करा. कोणत्या वेळेचं?

हिशोब करूच. आठवड्याचे तास १६८. कायद्यातली कामाची मर्यादा ४८. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे १५ तास. सत्राला २० क्रेडिट धरली तर ३०० तास, म्हणजे पंधरा आठवड्यांच्या सत्रात आठवड्याला वीस. रोज सात तास झोप धरली, तरी ५१ तास उरतात.

मग विषय राहून एटीकेटी का लागते?

कारण तास उरतात, पण जागेवर राहत नाहीत. हा आठवडा फर्स्ट शिफ्ट, पुढचा सेकंड, त्यापुढचा नाईट. दुसऱ्या सोमवारची मोकळी सकाळ तिसऱ्या सोमवारी झोपेला लागते. भिंतीवर चिकटवलेलं वेळापत्रक आठवड्यात शिळं होतं आणि पोरगं समजतं, आपल्यालाच शिस्त नाही.

शिस्त भरपूर आहे. जो पाच मिनिटं उशिरा आला तर गेटवर अडतो, त्याला शिस्त कोण शिकवणार?

म्हणून अभ्यास घड्याळाला नको, शिफ्टला बांधा. वेळापत्रकं तीन करा. सेकंडच्या आठवड्यात सकाळी डोकं ताजं असतं; अकाउंट्स, गणित तेव्हाच उरका. फर्स्टवरून आल्यावर जेवून, तासभर पडून मग वाचनाचे विषय. नाईटच्या आठवड्यात नुसती उजळणी आणि झोप. झोप मारून केलेल्या अभ्यासाची किंमत प्रेस मशीनवर बोटानं मोजावी लागते. कोणताही पेपर तेवढा महाग नाही.

आता ओटी, म्हणजे ओव्हरटाइम. कायद्यानं तिला दुप्पट दर आहे. घरी पैसे पाठवायचे असतात, त्यामुळे ती सोडवत नाही. सत्राच्या सुरुवातीला जरूर करा, परीक्षेच्या महिन्यात नको. आणि हे सुपरवायझरला महिनाभर आधी सांगा. आदल्या दिवशी हॉल तिकीट दाखवून मागितलेली रजा कोण देतो?

पोरांचंही सगळं बरोबर नाही. एवढ्या ओढाताणीत रील्सना रोज दोन तास सापडतात. तिथं कंपनीचा दोष नाही.

पण सगळा भार एकट्या पोरानं का वाहायचा?

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केलं आणि वर्ग सकाळी ठेवले. नोकरी करणाऱ्याला शिकता यावं म्हणून. म्हणजे विद्यार्थ्याच्या कामाचे तास आधी पाहिले, कॉलेजचे नंतर ठरवले. त्यांचंच नाव १९९४ पासून आपल्या मराठवाडा विद्यापीठाला आहे.

मग वाळूजच्या परिसरात तोच तास एकदा सकाळी, एकदा संध्याकाळी घ्यायला अडचण काय? सेकंडवाला सकाळी बसेल, फर्स्टवाला संध्याकाळी. वर्गखोली तीच, फळा तोच. जादा शिक्षक लागतील, हे खरं. मग ते मागा!

मुक्त विद्यापीठ आहे ना, असं कुणी म्हणेल. आहे, १९८९ पासून आहे आणि नोकरदारांना त्याचा मोठा आधार आहे. पण ज्याला समोर शिक्षक हवा, प्रयोगशाळा हवी, त्यानं कुठं जायचं?

७५ टक्के हजेरीची नोटीस लावण्याआधी प्राचार्यांनी एक करावं. प्रवेश अर्जात टीसी, आधार, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, सगळं मागता. मुलगा कोणत्या शिफ्टला जातो, हेही विचारा. येत्या जूनच्या अर्जात तेवढा एक रकाना वाढवा आणि भरून आलेले अर्ज समोर ठेवूनच तासिकांचं वेळापत्रक लावा.