माय उन्हात उभी

सुरतच्या गोडादऱ्यात निसर्गचित्र काढायचं तर आधी निसर्ग शोधावा लागतो. आमच्या गच्चीवरून दिसतात त्या पाण्याच्या काळ्या टाक्या, मोबाइलचा टॉवर आणि दोरीवरच्या चादरी. म्हणून शेत आठवणीतून घेतलं, पाचोऱ्याकडचं. माणूस मात्र समोरचा: गच्चीवर बिबड्या वाळत घालणारी माय.

साडी मार्केटात तीस वर्षं हिशेब लिहिल्यावर मी रविवारी तैलरंग शिकायला लागलो. जवसाच्या तेलाचा आणि टर्पेंटाइनचा वास घरभर झाला, तेव्हा बायकोने एवढंच विचारलं, ‘फोडणी कशाची देताय?’

शेत बरं जमलं होतं. काळी माती, बांधावरचा निंब, मागे टेकडी. त्यात माय उभी केली आणि सगळं बिघडलं. लग्नाच्या अल्बममध्ये मागून चिकटवलेल्या नातेवाइकासारखी ती दिसायला लागली. मायने चष्मा लावला, चित्र जवळून पाहिलं आणि म्हणाली, ‘मी काय टांगेल शे का?’

पायाखाली सावलीच नव्हती.

शिकवणाऱ्या सरांनी पुढच्या रविवारी हेच अर्धा तास समजावलं. वर आणखी एक चूक काढली. सपाट रानात आपण उभे असलो की क्षितिज आपल्या डोळ्यांच्या उंचीवर असतं. आपल्याएवढा माणूस जवळ असो की लांब, त्याचे डोळेही त्याच रेषेवर येतात. माझी माय पार निंबापाशी उभी होती आणि क्षितिज तिच्या गुडघ्याला लागत होतं. म्हणजे हिशेबाने ती माझ्या तिपटीहून उंच झाली. हिशेबनीस माणसाकडून असं व्हावं!

मग साडीचा रंग. राणी कलर, इथल्याच मार्केटातली पॉलिस्टर. काळ्या मातीत तो रंग नुसता ओरडत होता. सर म्हणाले, साडी फिकी करू नका. मातीत थोडा राणी टाका आणि साडीच्या चुण्यांत थोडी माती. सावलीतही काळा नको, आभाळाचा निळा घाला. घातला. माय जमिनीवर उतरली.

तैलरंगाचं आमच्या पाचोऱ्याच्या बाजूला एक जुनं दुःख आहे. रॉबर्ट गिल हा मद्रास फौजेतला अधिकारी १८४४ पासून अजिंठ्याला ठाण मांडून बसला आणि लेण्यांतल्या चित्रांच्या नकला त्याने तैलरंगात केल्या. त्यातल्या बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. माझ्या ओल्या चित्रावर गच्चीवरची धूळ बसली, तेव्हा मी गिलसाहेबाचं स्मरण करून गप्प राहिलो.

हे रंग पाण्यासारखे उडून वाळत नाहीत. तेल हवेतला प्राणवायू घेतं आणि घट्ट होतं. त्यातही प्रत्येकाची चाल वेगळी. मातीत वापरलेला बर्न्ट अंबर दोन दिवसांत वाळला. साडी आठवडा झाला तरी बोटाला लागतेय. हे मला कसं कळलं, तर मायने बोट लावून पाहिलं. कमरेपाशी ठसा आहे.

नवी सावली तिला पसंत पडली. पण चष्मा काढता काढता म्हणाली, ‘भरल्या रानात रिकामी काय उभी राहू? हातात विळा दे.’

म्हटलं, माय, हात अजून ओला आहे, आठ दिवस थांबावं लागेल.

‘आठ दिवस?’ ती म्हणाली. ‘बांधावरून जाणारे लोक काय म्हणतील?’